परवानगी आली होती

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. माझी सख्खी बहीण जळगावला असते, तिच्याशी बोलताना माझ्या पोटात काही राहत नाही — तरी तिलाही नाही. तुम्ही म्हणाल, मग आता कशाला? ते शेवटी तुम्हीच ठरवा. माझी शाळा चौथीत सुटली, पुढचं जे काही आलं ते हाताला लागेल ते वाचून आलं, म्हणून मी बोलते तसंच लिहिते. कुठे पुढचं मागे होईल. सांभाळून घ्या असं म्हणणार होते — पण नको. सांभाळून घेऊ नका.

धुळ्यात आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, अक्का कशी आहे? म्हणतील, देवमाणूस. व्याह्याचं एवढं कोण करतं आजकाल? हिनं केलं. दवाखान्यात रोज डबा नेला, पाय चेपले, शेवटचं पाणीसुद्धा हिनंच पाजलं. हे सगळं खरं आहे. डबा खरा होता. दादर ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून, मऊ करून न्यायची मी, ते खरं आहे. शेजारच्या खाटेवरची बाई तर म्हणायची, "अशी विहीण मिळत असेल तर मी पण आजारीच राहीन बाई!" आणि मी हसायची. छान हसायची.

आता मुळापासून सांगते.

माझा मुलगा योगेश अमेरिकेत असतो. पुष्कळ वर्षं झाली, तिथलाच नागरिक झाला. लग्न उशिरा केलं, वैशालीशी. ती आपल्या शिंदखेड्याची, तिकडे शिकायला गेलेली. तिची आई ती लहान असतानाच गेली. वडिलांनी एकट्यानं वाढवलं, एकुलती एक. त्यांना सगळं गाव नाना म्हणायचं, तीही नानाच म्हणायची. लग्न तिकडच्या कोर्टात झालं आणि तिला तिथं कायमचं राहायचं कार्ड मिळावं म्हणून नवऱ्याच्या नावावर तिचा अर्ज गेला. अर्ज चालू आहे तोवर तिनं त्या देशाबाहेर पाय ठेवायचा नाही. ठेवला की अर्ज बाद. योगेशनं हे मला फोनवर समजावलं, मी गल्लीत सांगितलं, नानांनी शिंदखेड्यात सांगितलं. दोन्ही घरांत पोरासोरांना हा नियम पाठ झाला होता. कुणाचं लग्न निघो, बारसं निघो — "वैशूला बाहेर पाय ठेवता येत नाही ना!"

मग योगेशचे वडील गेले. ओसरीवर खुर्चीत बसले होते, चहाचा कप हातात, आणि गेले.

योगेशला यायला काहीच अडकाठी नव्हती. नियम वैशालीला होता, त्याला थोडाच? पण नेमकं त्याच आठवड्यात त्या दोघांना त्या अर्जाच्या मुलाखतीला बोलावलेलं. नवरा-बायको दोघांनी समोर बसायचं, लग्न खरं आहे की कागदावरचं ते साहेब विचारणार. पोरगा फोनवर नुसता रडत होता. मी म्हणणारच होते — ये रे बाबा, असशील तसा ये. तेवढ्यात नाना शिंदखेड्याहून येऊन पोचले. माझ्यासमोर जमिनीवर बसले, डोळे पुसले आणि हळू आवाजात म्हणाले, "अक्का, तारीख चुकनी ते पोरनं बठ्ठं पानीमा जाई. समजी ल्या."

पोरीचं सगळं पाण्यात जाईल — मी समजून घेतलं. फोनवर म्हटलं, "नको येऊ." जळगावहून दिराचा मुलगा आला, त्यानं अग्नी दिला. नानांनी खांदा दिला. वाईट माणूस नव्हता तो, हे आधीच सांगून ठेवते. बोलले तेही चुकीचं नव्हतं. मग मला का बोचलं? — बाईमाणसाचं मन असं म्हणून तुम्ही सोडून द्याल. देऊ नका. मी ते दोन शब्द घासून घासून धार लावून ठेवले होते. समजी ल्या.

मुलाखत झाली, पण निकाल काही लागेना. महिने गेले. आणि नानांचा दम वाढला. पुतण्या रवी, त्यांची शेती तोच बघतो, तो त्यांना धुळ्याला घेऊन आला. दवाखाना माझ्या घरापासून चालत जाण्याइतका. डॉक्टरांनी मला आणि रवीला बाजूला बोलावून सांगितलं की फुप्फुसं संपली आहेत, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा. रवी म्हणाला, "अक्का, वैशूताईला कळवू का?"

"खुळा आहेस का? ती ऐकल्या पावली निघेल. मग परत जाता येईल का तिला?"

"हा, ते बी शे," म्हणाला बिचारा, आणि फोन खिशात ठेवला.

तोवर मीही तसंच समजत होते, बरं का. तोवर माझं पाप नव्हतं. खोकल्याच्या औषधाला नाना धुळ्यात आलेत, एवढंच वैशालीला सांगितलं होतं. तिचा फोन यायचा, त्यात तोंड दिसायचं, म्हणून मी नानांचे केस विंचरायची, पाठीशी दोन उशा लावायची, नाकातली नळी जरा वेळ काढून ठेवायची. नानाही साथ द्यायचे. "चांगला शे मी, बेटा. तू जेवनी का?" एवढं बोलून धाप लागायची, की मी फोन आपल्याकडे वळवायची.

मग एक दिवस मी दवाखान्याच्या नळावर डबा धूत होते, तेव्हा योगेशचा फोन आला. म्हणाला, "आई, वैशालीला प्रवासाची परवानगी आली. आता ती जाऊन परत आली तरी अर्जाला धक्का नाही. नानांचं खरं काय ते सांग, ती तिकीट बघतेय." आणि वैशालीनं त्याच्या हातून फोन घेतला. "आई, तुम्ही समोर आहात. मला इथून काही कळत नाही. तुम्ही म्हणाल तसं करते."

तुम्ही म्हणाल तसं.

मी नळ बंद केला. किती वेळ लागला मला? मला वाटतं लागलाच नाही. "अगं, सर्दी-खोकला," मी म्हटलं, "काल दोन भाकरी खाल्ल्या त्यांनी. एवढा खर्च करून कशाला धावतेस? कार्ड हातात पडू दे, मग आखाजीला निवांत माहेरपणाला ये. नानांनी लिंबाला झोका बांधायला सांगितलाय तुझ्यासाठी." आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येऊन झोके खेळतात; पण नानांच्या झोक्याचं मी तिथल्या तिथे बनवलं. ती हसली. मोकळं, हलकं हसली. "तुम्ही आहात म्हणून मला घोर नाही, आई."

इथं थांबले असते तरी मी वाईटच ठरले असते. पण थांबले नाही.

खाटेशी गेले. नाना रोज विचारायचे तसं त्यांनी विचारलं, "अक्का, पोर येई का?" एरवी मी नियम सांगायची आणि ते मान हलवायचे, नियमावर कुणाचा राग असतो? त्या दिवशी मी म्हटलं, "नाना, परवानगी आली आहे तिला. आता येता येतं. पण ती नको म्हणते. कार्ड मिळाल्याशिवाय इथून हलायचं नाही म्हणते." आणि त्यांच्या अंगावरची चादर सारखी करत करत — अगदी मायेनं — म्हटलं, "समजून घ्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ते शब्द आठवले की नाही, देव जाणे. पण त्यांचा चेहरा जो उतरला, तो मी बघितला. मला तो बघायचाच होता. आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. घरी आले, वरणबट्टी केली, तुपाची धार घेऊन पोटभर जेवले.

त्यानंतरही तिचे फोन आले. बापानं तिला एकदाही विचारलं नाही — का येत नाहीस? मानी माणूस. "काम कर, बेटा. मन्ही फिकर करू नको," एवढंच. तिला वाटलं, बरे होताहेत. तो तिची लाज राखत होता, ती त्याच्यावर विश्वासून होती आणि मधे फोन धरून मी उभी.

नाना गेले. मग ती आली, त्याच परवानगीवर. शिंदखेड्याला घर बायकांनी भरलेलं. ती माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "माझ्याकडे परवानगी होती, आई. असून मी आले नाही." मी म्हणायला हवं होतं — मी नको म्हटलं ना तुला! रवी कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता. त्याला वाटत होतं, लपवण्याचं पाप त्याचंच. आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "हो गं. यायला हवं होतंस तू."

तिला आठवलं नसेल का, मी सर्दी-खोकला म्हटलं होतं ते? आठवलंच असेल. पण रोज डबा नेणाऱ्या सासूला कोण विचारतं? तिनं दोष स्वतःकडे घेतला. मी घेऊ दिला.

हे तिला तोंडावर सांगायचं सोडून तुम्हाला सांगते आहे, हाही भ्याडपणाच. तिचं कार्ड आलं. आता माझं माहेर तुम्हीच, असं म्हणून ती जमेल त्या आखाजीला माझ्याकडे येते. गल्लीतल्या बायका तिला बघायला येतात आणि म्हणतात, नशीब काढलंस, अशी सासू मिळाली.

शेवटच्या संध्याकाळी नानांनी माझं मनगट धरलं होतं. बोलताना दम पुरत नव्हता, तरी बोलले. "तिले सांगा, अक्का — मन्हा राग नही. तिनं बराबर करं."

वैशाली मला विचारते. दर खेपेला विचारते, जेवायला बसलो की, अगदी सहज विचारल्यासारखं करून, ताटाकडे बघत — "आई, नाना शेवटी काही म्हणाले का हो?"

मी म्हणते, नाही गं, झोपेतच गेले. आणि तिच्या वाटीत आणखी रस वाढते.