म्हशीला सांगितलेला उपाय

पोरीचे डोळे आत गेले होते. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती. सकाळपासून हगवण आणि ओकाऱ्या. नाल्याला पूर होता, त्यामुळे सेवाग्रामच्या दवाखान्याकडे जाणारी बस बंद. सासूबाई म्हणत होत्या, पाणी देऊ नको, जितकं पाजशील तितकं बाहेर येईल. गावात सगळे तेच करायचे. मीही पाणी बंद केलं होतं.

अंगणातल्या भिंतीपलीकडे माझी मोठी जाऊ राहायची. ती भिंत कुठून घालायची यावरून भांडण झालं, तेव्हापासून आमचा अबोला. त्या दुपारी ती गोठ्यात उभी राहून म्हशीला मोठ्यानं सांगू लागली,

“ऐकून राह्यली का वो? लेकराचं पानी बंद नाई कराचं. उकळून गार केलेलं गिलासभर पानी, चिमूटभर मीठ, चमचाभर साखर. घोट घोट पाजजो. ओकलं तं थांबून पुन्हा पाजजो.”

तिचा मुलगा त्याआधी दवाखान्यात राहून आला होता. तिथल्या नर्सनं तिला हे शिकवलं होतं. म्हशीला तर तेव्हा पारडूही नव्हतं.

आमच्या घरात साखर नव्हती. मी आमच्या बकरीला विचारलं, “साखर नसन तं काय करावं वो?”

पलीकडून मग म्हशीला उत्तर मिळालं, “गूळ चालते. अन् पानी खरंच उकळजो, आळशीपना नको करू.”

सासूबाई म्हणाल्या, जनावराला सांगितलेलं तू कशाला मनावर घेतेस. मी चूल पेटवली.

थंडीत नागपूरहून गणिताचे एक प्राध्यापक आले. नवी गोष्ट गावात एका घरातून दुसऱ्या घरात कशी आणि किती वेगानं पसरते, याचं ते गणित मांडत होते. कागदावर प्रत्येक घराचं एक वर्तुळ, आणि ज्या घरांचं आपसात बोलणं आहे त्यांच्यामध्ये रेघ. मीठ-साखरेचं पाणी कुठल्या रेघेनं कुठं गेलं, ते त्यांना शोधायचं होतं. माणूस सज्जन. चहात बिस्किट बुडवून विचार करत बसायचे, म्हणून बिस्किट नेहमी कपातच राहायचं.

त्यांच्या हिशेबानं ते पाणी आमच्याकडे सगळ्यांत शेवटी यायला हवं होतं, कारण जावेच्या घराकडून आमच्याकडे रेघच नव्हती. आलं मात्र सगळ्यांत आधी. कोणाकडून कळलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, म्हशीकडून. जावेचं नाव घेतलं असतं तर अबोला मी आधी मोडला असं झालं असतं. मग त्यांनी पलीकडे जाऊन जावेला विचारलं. ती म्हणाली, मी फक्त माझ्या म्हशीशी बोलले. दोघींचंही खरं होतं.

ते परत आले आणि कागद पुन्हा पसरला. मग आमच्या दोन घरांच्या मधे त्यांनी एक लहान वर्तुळ काढलं.

“आमच्या बकरीचंबी काढा,” मी म्हणाले, “नाई तं गुळाचं गणित चुकन.”

ते हसले नाहीत. काढलं.

शेवटी त्यांनी विचारलं, त्या पावसाळ्यात तुमच्या घरात आजारी कोण कोण होतं. आधी पोरगी. ती उठून बसली तोवर सासूबाईंनी अंथरूण धरलं, आणि तेच पाणी त्यांनी स्वतःहून मागून घेतलं. दोघी जगल्या.