दादाच्या गिटारला नायलॉनच्या तारा

कारखान्यात दादाचा डावा हात भाजला, त्या दिवशी मी आणि वहिनी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून होतो. पाइपाची झडप उघडताना गरम रसायन उडालं होतं. डॉक्टर बाहेर येऊन "बोटं राहतील" एवढंच म्हणाले, आणि तेवढ्यात वहिनीच्या पिशवीतला दादाचा फोन वाजला. दादा ज्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा त्याचे मालक होते. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अरेरे. मग शनिवारी पोलादपूरला कोणाला नेऊ?"

मी म्हटलं, "बघा कोणी मिळतं का."

आमचं गाव पोलादपूरच्या वरच्या अंगाला, पण दोघेही भाऊ पोटासाठी महाडात उतरलो. दादा कारखान्यात लागला आणि मी टीव्ही, मिक्सर, पंखे दुरुस्त करायचं दुकान टाकलं. राहायला एकाच घरात. सुट्टीच्या दिवशी दादा ऑर्केस्ट्राबरोबर जायचा. सत्यनारायणाची पूजा, गावची जत्रा, हळदी, जिथे बोलावतील तिथे. हात फार चांगला होता त्याचा, आणि ते त्याला पुरेपूर माहीत होतं. कोणाची चूक झाली की स्टेजवरच, माईक चालू असताना, "म्हशी राख म्हशी" म्हणायचा. लोक हसायचे. ज्याला म्हटलं तोही हसायचा, दुसरं करणार काय.

जखमा भरल्या, पण नवी आली ती कातडी कांद्याच्या सालीसारखी पातळ, गुलाबी, चकाकणारी. डाव्या हाताच्या बोटांनीच तारा दाबायच्या असतात. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा पोलादाच्या. दादाने पहिल्यांदा गिटार हातात घेतली आणि एक गाणं पुरं व्हायच्या आत कातडी फाटली. त्याने गिटार पलंगावर टाकली. वहिनी हळद घेऊन आली तर तिला म्हणाला, "हळद कसली लावतेस? नवरा मुलगा हाय मी?"

नायलॉनच्या तारांचं माझ्या डोक्यात आलं. त्या जाड असतात, मऊ असतात, ताणही कमी. दादा खेकसला, "म्हणजे लाकडी गिटार घेऊ? पोकळ भोपळा? स्टेजवर स्पीकरसमोर धरली की कुत्र्यासारखी केकाटते ती." ते खरं होतं. आणि त्याला त्याची स्वतःची लाल गिटारच हवी होती. तिच्या मानेवर त्याच्या अंगठ्याने रंग उडवला होता.

मग तिलाच नायलॉनच्या तारा लावायच्या ठरल्या. वाटतं तेवढं सोपं नव्हतं. इलेक्ट्रिक गिटारमध्ये तारांच्या खाली चुंबक असतात. त्यांच्यावर लोखंडी तार थरथरली की वीज तयार होते, तीच पुढे स्पीकरला जाते. नायलॉनची तार कितीही थरथरली तरी चुंबकाला पत्ता लागत नाही. आवाजच निघत नाही. म्हणजे आवाज पकडायची दुसरी सोय करायला हवी. तार ज्या घोडीवर टेकते तिच्या खाली दाब ओळखणारी पट्टी बसवायची. आधी मी एका बिघडलेल्या गजराच्या घड्याळातली पितळी चकती लावून पाहिली. आवाज आला, पण पत्र्यावर चिंच पडावी तसा. मग फोनवरून खरी पट्टी मागवली.

जुनी लोखंडी घोडी काढून हाडाची बसवली, तिच्याखाली पट्टी. मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या कानसून रुंद केल्या, कारण नायलॉन त्यात मावेना. मानेच्या पोटात लोखंडी दांडा असतो. पोलादाच्या तारांचा ताण तो तोलून धरतो. ताण कमी झाल्यावर मान उलटी वाकली असती, म्हणून तो सैल केला. तारांच्या टोकाला गाठी मारल्या तर त्या भोकातून निसटायच्या. वहिनीने तिच्या तुटलेल्या माळेतले मणी दिले. मणी ओवून गाठ मारली, मग बसल्या. आवाज वाढवणारं छोटं सर्किट मी स्वतः जोडलं.

हे सगळं चालू असताना दादा शेजारी खुर्ची टाकून बसायचा आणि बोलत राहायचा. "तू टीव्हीचा मेकॅनिक. तुझ्या हातात गिटार म्हणजे न्हाव्याच्या हातात बाळंतीण." मी मान वर करत नव्हतो. त्याचा हात भाजला होता, जीभ शाबूत होती.

तारा लावून झाल्या, वायर स्पीकरला जोडली. त्याने वाजवलं. आवाज गोल होता, उबदार, जरासा आतल्या आत बोलल्यासारखा. वहिनी कणकेचे हात घेऊन दारात येऊन उभी राहिली. दादा म्हणाला, "मेल्यासारखा वाजतोय." आणि संध्याकाळपर्यंत तो उठला नाही. बोटांना रक्त आलं नाही.

मालकांनी त्याला परत घेतलं. "ये की. तुझीच जागा हाय," म्हणाले. मधल्या काळात कीबोर्ड वाजवणारा मुलगा गिटारचे तुकडे कीबोर्डवरच वाजवत होता. हा तोच, ज्याला दादाने म्हशी राखायला सर्वांत जास्त वेळा पाठवलं होतं.

पहिला कार्यक्रम पोलादपूरजवळच्या एका गावात, शाळेच्या मैदानात. नुकतीच दिवेलागण झाली होती. मी पुढच्या रांगेत खुर्ची धरली. दादा इस्त्रीचा शर्ट घालून स्टेजवर उभा, डोळे मिटून वाजवतोय, आणि मला गिटार ऐकूच येईना. ढोलकी येत होती, कीबोर्ड येत होता, गाणारी बाई येत होती. वाटलं, आपलंच काम बिघडलं, सर्किटमधला सोल्डरचा डाग सुटला. मी उठून आवाजाच्या मिक्सरपाशी बसलेल्या साउंडवाल्याकडे पळालो.

"गिटारची वायर बघ रे, आवाज नाय येत."

तो म्हणाला, "वायर बरोबर हाय." आणि मिक्सरवरच्या एका पट्टीकडे बोट दाखवलं. बटण पार तळाला ओढलेलं होतं. "त्यांच्या मॉनिटरमध्ये दिलाय. बाहेर बंद ठेवायला सांगितलंय."

मॉनिटर म्हणजे कलाकाराच्या पायाशी त्याच्याकडे तोंड करून ठेवलेला लहान स्पीकर. दादाला स्वतःची गिटार त्यात चांगली ऐकू येत होती. ती मैदानात कोणालाच येत नव्हती.

मी मालकांना गाठलं. ते पान लावत होते. म्हणाले, "नव्या आवाजात दम नाय रे. लोकांना चुरचुरीत लागतं. पण त्याला वाजवायला मिळतंय ना? मग तू कशाला जीव जाळतोस?"

परत येताना दादा गाडीवर माझ्या मागे बसला होता. गिटार दोघांच्या मध्ये. "कसं ऐकू आलं?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "नाही आलं. त्यांनी बाहेर बंद ठेवलं होतं."

त्याने गिटार स्वतःकडे ओढून घेतली. मग म्हणाला, "तुझंच काहीतरी सुटलं असेल. कबूल करायची लाज वाटते म्हणून लोकांवर ढकलतोस."

पण त्याच्या मनात ते राहिलं असणार. पुढच्या कार्यक्रमाला, एका साखरपुड्यात, गाणारी बाई प्रेमाचं गाणं म्हणत होती. मधल्या जागेत गिटारचा तुकडा होता. दादाने डोळे उघडे ठेवले आणि तिथे सरळ गणपतीची आरती वाजवली. मी मांडवात उभा होतो, मला फक्त त्याची बोटं दिसत होती. घरी दर गणपतीत त्याला ती वाजवताना पाहिलं होतं, म्हणून बोटांवरून ओळखली. मांडवात कीबोर्डवर गाण्याचा नेहमीचा तुकडा वाजत होता. एकही मान वळली नाही. दादाने पूर्ण आरती वाजवली. ढोलकीवाला त्याच्या जवळ बसायचा, त्याला मॉनिटर ऐकू येत होता. तो खाली मान घालून हसत होता.

दादाने कार्यक्रम पुरा केला. वायर नीट गुंडाळली. स्टेजला हात लावून नमस्कार केला आणि उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मालकांच्या मांडव-साउंडच्या दुकानात गेलो. कीबोर्डवाला तिथेच बसला होता. दादा त्याच्या नेहमीच्या आवाजात सुरू झाला. आईबापापासून सुरुवात केली. मालक शांतपणे ऐकत राहिले. कीबोर्डवाल्याने चहाचा ग्लास खाली ठेवला.

"दादा, एक विचारू? पाचाडच्या काकांचा अकॉर्डियन बाहेर कोणी बंद करायला लावला होता?"

दादा थांबला.

"शेवटचं वर्षभर. म्हातारा हवा भरून भरून घामाघूम व्हायचा. साउंडवाल्याला तुम्हीच सांगितलं होतंत, काकांना मॉनिटरमध्ये द्या, खूश राहतील. आम्ही कोणाकडून शिकलो?"

काका आधी ऑर्केस्ट्रात अकॉर्डियन वाजवायचे एवढंच मला ठाऊक होतं, हे माहीत नव्हतं. मी दादाकडे पाहिलं. त्याचा भाजलेला हात खिशात होता. मालक म्हणाले, "जाऊ दे रे. सगळ्यांची पाळी येते." आणि दादाला चहा सांगितला. दादाने तो प्यायला. शेवटपर्यंत.

नंतरच्या रविवारी तो मला म्हणाला, "गाडी काढ, पाचाडला जाऊ." कशाला ते सांगितलं नाही, पण मला कळलं होतं. रस्ताभर मी मनात जुळवत होतो, हा कसं सांगेल, म्हातारा काय म्हणेल. दादाने आजवर कोणाची माफी मागितलेली मी पाहिली नव्हती.

काका पडवीत बसले होते. दृष्टी कमी झालेली. आवाजावरून दादाला ओळखलं आणि उठायची धडपड केली. सुनेला हाक मारली, "चहा ठेव गो! आमच्या ऑर्केस्ट्रातला गिटारवाला आलाय." मला म्हणाले, "तुझ्या भावाने मला सांभाळलं हां. बाकीचे काढायला निघाले होते. हा म्हणाला, काका हवेत. शेवटच्या वर्षी काय हात चालला होता माझा! नाय रे?"

दादा म्हणाला, "हो काका."

"लोक विचारतात का रे अजून, अकॉर्डियनवाले कुठे गेले म्हणून?"

मी दादाच्या तोंडाकडे पाहत होतो. तो म्हणाला, "विचारतात."

काकांनी सुनेला ते पुन्हा सांगितलं. सून चहा घेऊन आली, तिने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि कप ठेवून आत गेली. अकॉर्डियनची पेटी माळ्यावर होती, उंदरांनी तिचा हवेचा भाता खाल्ला होता. काकांनी ती दाखवायचा हट्ट धरला. दादाने शिडी लावून ती उतरवली, त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी बोटं फिरवली. हवा नव्हती, पट्ट्या नुसत्या टकटक वाजल्या. काका हसले, आम्ही निघालो.

महाडच्या एसटी स्टँडसमोर दादाने गाडी थांबवायला सांगितली. बाजूला जाऊन त्याने फोन लावला. मला वाटलं, वहिनीला करतोय. मग त्याचं बोलणं ऐकू आलं. "नवरात्राच्या तारखा पाठवा. येतो मी." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. दादा म्हणाला, "हां. बाहेर तसंच बंद ठेवा. चालेल."

मी म्हटलं, "दादा, अरे कशाला?"

तो चिडला नाही. टोचूनही बोलला नाही. म्हणाला, "घरी बसून काय करू?"

नवरात्रात तो गेला. तारा मीच बदलून दिल्या होत्या, सर्किटचे डाग तपासून दिले होते. कार्यक्रमाला मी गेलो नाही. वहिनी गेली. परत आल्यावर मी काही विचारायच्या आधीच ती पदराने तोंड पुसत म्हणाली, "छान दिसत होते."