पाठीतली सुई आणि दाराबाहेरची आई

त्या दिवसाचं मला सगळं आठवतं, फक्त दुखणं आठवत नाही. खिडकीच्या गजांवर सुकत घातलेला कुणाचा तरी टॉवेल आठवतो. शेजारच्या इमारतीत क्लास होता, तिथे रसायनशास्त्र शिकवणाऱ्या सरांचा खर्जातला आवाज आठवतो. सलाईनच्या बाटलीतून उतरणारा थेंब, आणि तो पडला की त्याच्यामागे अंग धरणारा दुसरा थेंब. सदाशिव पेठेतल्या त्या नर्सिंग होमची खोली आता इतक्या वर्षांनी मला पाण्याखाली असल्यासारखी दिसते. सगळं सावकाश, सगळं मऊ. आणि दाराबाहेरच्या बाकावर माझी आई बसलेली, आत यायला तयार नसलेली.

ती का तयार नव्हती, ते आधी सांगते. आई बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टर होती. आमच्या आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा ती पाटी घेऊन शाळेत जायला लागली होती. ती शिकली, नर्सिंगला गेली, आणि कडक इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत अख्ख्या वस्तीसमोरून ड्यूटीला जायला लागली. तिचा अभिमान तिच्या चालण्यात दिसायचा. वॉर्डात तिच्या कानांची ख्याती होती. पडद्याअलीकडे बसून, नुसत्या कण्हण्यावरून ती सांगायची, "तीन नंबरला अजून तासभर आहे. सहा नंबरची आली, चला." हात धुवून डॉक्टर पोचेपर्यंत सहा नंबरचं डोकं दिसत असायचं. नवे डॉक्टर आधी हसायचे, मग गुपचूप तिलाच विचारायचे.

आणि अशा बाईच्या पोटी मी! मला दुखणं सहन होत नाही. याची मला कधी लाजही वाटली नाही. दातांच्या डॉक्टरांना मी खुर्चीत बसण्याआधीच बजावते, की दुखलं तर चावेन. एकाला चावलेही आहे. मी तेव्हा एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला होते, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका काढायच्या, हेच काम. स्वभावाला साजेसं काम मिळालं, असं नवरा म्हणायचा. आमच्याच टीममधली एक मुलगी इंग्लंडमध्ये बाळंत होऊन परत आली होती. कँटीनमध्ये ती अगदी सहज म्हणाली, "मला काही कळलंच नाही. पाठीत एपिड्यूरल दिलं आणि मी सिस्टरशी गप्पा मारत बसले." माझा घास हातातच राहिला. त्या दुपारी मी कामधाम सोडून इंटरनेटवर मिळेल ते वाचलं, छापून घेतलं आणि पिना मारून गठ्ठा केला.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आठव्या महिन्यात मी बिबवेवाडीला आईकडे राहायला आले. ती भाकरी थापत असताना मी तिच्यासमोर गठ्ठा धरला.

"पाठीत सुई?" ती म्हणाली. "जन्मभर पाठ धरून बसशील."

"अगं, तसं काही नसतं. इथे लिहिलंय."

"लिहिणाऱ्याचं बाळंतपण झालंय का?"

मला राग आला की मी लांबचं काहीतरी ओढून आणते. मी म्हटलं, "आई, जगात दुःख आहे हे आपल्याकडे पहिलं सत्य. मान्य. पण पुढे आणखी तीन आहेत ना? त्याला कारण आहे, ते थांबतं, आणि थांबवायचा मार्ग आहे. तू पहिल्यावरच का अडून बसलीस?"

तिचे हात परातीत थांबले. "मला धम्म शिकवू नकोस," ती म्हणाली. "ती सुई घेतलीस तर मी आत येणार नाही. संमतीच्या कागदावर सही तर मुळीच करणार नाही."

"नको येऊस," मी म्हटलं. एक घाव दोन तुकडे. दोन दिवसांनी पाहिलं, तर माझा गठ्ठा पिना काढून, नीट उलगडून, फडताळात डब्यांखाली अंथरलेला होता.

पण खरं सांगायचं तर मी 'नको येऊस' म्हटलं आणि मोरीत जाऊन रडले. नवरा अमेरिकेत प्रोजेक्टवर होता, त्याचं विमान तारखेच्या आठवडाभर आधीचं. सासूबाई दूर गावी. मला सुई हवी होती, आणि तितकीच आईही हवी होती. बत्तीस वर्षं ती परक्या बायकांच्या उशाशी उभी राहिली, आणि माझ्या वेळी बाहेर बसणार? हे मला पचतच नव्हतं. रोज वाटायचं, आज ती काही बोलेल. ती फक्त, "पाय सुजलेत, वर ठेव," एवढंच बोलायची.

बाळाने नवऱ्याच्या विमानाची वाट पाहिली नाही. बारा दिवस आधीच, सकाळी पोहे खाताना कळा सुरू झाल्या. आईने ऐकलं, घड्याळाकडे पाहिलं आणि रिक्षा बोलावली. स्वारगेटच्या चौकात रिक्षा अडकली तेव्हा मी तिचा दंड इतका आवळला की नखं उठली. अकरा वाजेपर्यंत कळा अशा यायला लागल्या की दोन कळांच्या मध्ये मला माझं नावसुद्धा विचारू नये. आमच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून भूलतज्ज्ञ बाईंना फोन केला. या बाई पेठेतल्या चार-पाच नर्सिंग होममध्ये स्कूटरवरून फिरायच्या. तोंडाला गुंडाळलेली ओढणी सोडत आत आल्या, तेव्हा मला देव भेटल्यासारखं झालं.

आई खाटेच्या पायथ्याशी हाताची घडी घालून उभी होती. तिने विचारलं, "बीपी उतरतं ना याने?"

"उतरतं. म्हणून आधी सलाईन, आणि दर पाच मिनिटांनी बघायचं."

"डोकं धरतं म्हणे."

"सुई एक पडदा पुढे गेली तर. क्वचित होतं. त्यावर उपाय आहेत."

"जोर लावता येत नाही बाईला."

"वेळ जास्त लागू शकतो. कधी चिमटा लावून बाळ घ्यावं लागतं. कधी एकाच बाजूला लागू पडतं, मग नळी थोडी सरकवायची. आणि सिझर करायची वेळ आलीच, तर त्याच नळीतून जास्त औषध देता येतं, तो फायदा. यांच्या रक्ताचे रिपोर्ट बघितलेत मी. रक्त गोठायला अडचण असती तर हात लावला नसता."

"आणि पाठ?"

"पाठ पोरांना कडेवर घेऊन दुखते, ताई. त्याला मी काय करू?"

"पाय कायमचे गेले तर?"

"फार म्हणजे फार क्वचित. पण शून्य नाही म्हणणार. शून्य म्हणणाऱ्या डॉक्टरकडे जाऊच नका."

माझा त्या बाईंवर तिथेच विश्वास बसला. स्वतःच्या मालातले दोष स्वतःच सांगणारा माणूस मला ऑफिसात कधी भेटला नव्हता.

कारकुनाने फॉर्म आणला. नातेवाइकांची सही, म्हणाला. आईने दोन्ही हात मागे बांधले. भूलतज्ज्ञ बाईंनी एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पेन माझ्या हातात दिलं. "सही यांची घ्या. पाठ यांची आहे." मी सही केली. वर मान केली, तर आई खोलीत नव्हती आणि दार लोटलेलं होतं.

मला उशी कवटाळून, मांजरासारखा पाठीला बाक काढून बसवलं. खांदे धरायला एक कोवळी सिस्टर होती, माझ्यापेक्षा जास्त घाबरलेली. "कळ आली तरी हलायचं नाही," बाई मागून म्हणाल्या. कळ आलीच. मी अमेरिकेला, कंपनीला आणि नवऱ्याला ओळीने शिव्या घातल्या, पण हलले नाही. पाठीवर गार औषध, एक चिमटा, मग नुसतं दाबल्यासारखं. सुई काढून घेतली आणि केसाएवढी नळी पाठीवर चिकटवली. मला कुशीवर निजवलं.

पंधरा-वीस मिनिटांत कळा दूर जायला लागल्या. शेजारच्या बिऱ्हाडात कुकरची शिट्टी होते तशा, ऐकू येतात, पण उठून गॅस बारीक करायची जबाबदारी आपली नाही. पाय जड आणि ऊबदार झाले. टॉवेल हलत होता. शेजारच्या क्लासातले सर कुठला तरी क्षार पाण्यात विरघळवत होते, आणि त्याच्याबरोबर मीही विरघळत होते. मला कात्रजचं सर्पोद्यान दिसायला लागलं. मी सात-आठ वर्षांची. आई रात्रपाळी करून मला तिथे घेऊन आली आहे आणि झाडाखालच्या बाकावर बसल्याबसल्या झोपली आहे. काचेमागे एक साप वेटोळं करून पडला आहे, आणि मी त्याला हळू आवाजात सांगते आहे, की आई झोपलीये, तिला उठवू नकोस. किती शांत होतं ते. असं शांत मला आधी कधी वाटलं नव्हतं आणि नंतरही नाही.

दार धाडकन उघडलं. आई आत आली, पायात चपला तशाच. सिस्टरला बाजूला सारून तिने माझी हनुवटी धरली. "आवाज का नाही हिचा? बीपी बघा हिचं. ओठ बघा." तेवढ्यात बीपीचं मशीनही किंचाळलं. आई आणि मशीन एकाच वेळी बोलली. भूलतज्ज्ञ बाई हललेल्या नव्हत्याच, त्यांच्या हातात सिरिंज तयार होती. मला पूर्ण डाव्या कुशीवर वळवलं, सलाईन सोडलं, औषध दिलं. दोन मिनिटांत टॉवेल पुन्हा टॉवेल झाला. माझ्या त्या शांततेतली थोडी शांतता नुसती बीपी उतरल्याची होती, हे मला तेव्हा कळलं, आणि जरा वाईटच वाटलं. बाळाचे ठोके चांगले होते.

"ताई," भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "बाहेर बसून आमची परीक्षा घेण्यापेक्षा आतच बसा. स्टूल आहे."

आई बसली. चपला काढून तिने स्टूलाखाली सरकवल्या. "मला काही ऐकूच येईना गं," ती म्हणाली. "तिथे बसून सगळं ऐकायचं ठरवलं होतं. म्हटलं, आत नाही गेले तरी कळेल मला, कुठवर आलीस ते. आणि तू एकदम गप्प झालीस. वॉर्डात बाई अशी गप्प झाली की आम्ही..." तिला माझ्या पाठीची काळजी नव्हतीच. भीती होती ती या बहिरेपणाची, आणि ती कबूल करण्यापेक्षा तिने माझ्याशी भांडण पत्करलं होतं. मायलेकी सारख्याच अडेलतट्टू.

मग ती लांबलचक दुपार. मला हुडहुडी भरली, नाक खाजायला लागलं. त्या औषधाने तसं होतं, भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या. आई माझं नाक खाजवून देत होती आणि कळा नोंदणाऱ्या मशीनमधून सरकणाऱ्या कागदावरचे डोंगर बघत होती. डोंगर चढला की माझ्या तोंडाकडे बघायची.

"आता कळ आहे?"

"असेल. मला काय विचारतेस, कागदाला विचार."

मी हसले. ती हसली नाही. कळ चालू असताना हसणारी बाई तिने कधी पाहिली नसावी. तिने हात माझ्या पोटावर ठेवला आणि डोळे मिटले, आणि तासाभरात तिने कळा तळव्याने वाचायला घेतल्या. कागदावर डोंगर उठायच्या आधी ती म्हणायची, "येतेय."

शेवटी त्याचाच उपयोग झाला. जोर कधी लावायचा ते मला धड कळत नव्हतं, खाली नुसतं जडजड वाटत होतं. वेळ लागला, बराच लागला. डॉक्टरीणबाईंनी चिमटा ट्रेमध्ये काढूनही ठेवला. "आता," आई कानाशी म्हणायची, "आता लाव. सोड. थांब. आता." तिच्या हाताच्या हिशोबाने मी ढकलत राहिले, आणि चारच्या सुमाराला, शेजारचा क्लास सुटून पोरांचा गलका रस्त्यावर आला तेव्हा, मुलगी झाली. चिमटा लागला नाही. मुलगी मात्र खोलीतल्या सगळ्यांच्या वाटचं एकटीच रडली.

आईने तिला पुसलं, गुंडाळलं, आणि हातांवर घेऊन ती माझ्या उशाशी उभी राहिली. डॉक्टरीणबाई टाके घालत होत्या. दोरा ओढला जातोय एवढं मला कळत होतं, बाकी काही नाही. मी मुलीच्या कानाकडे बघत होते. आई सुईकडे बघत होती.

"टोचतंय?"

"नाही गं. काही नाही."

एक टाका पुरा होईपर्यंत ती बघत राहिली. मग म्हणाली, "आम्ही टाक्यांना काही देत नव्हतो. औषध यायचंच नाही तेवढं. बायका ओरडायच्या. मी म्हणायचे, बाळ झालं ना, आता कसलं रडतेस. पाय आवळले तर मांडीवर चापट मारायचे." तिने मुलीला छातीशी धरलं. "जोरात मारायचे गं. बत्तीस वर्षं कान लावून बसले, आणि त्यांना किती दुखत होतं, ते मला आज तुला न दुखताना बघून कळलं."

मी उठून तिला जवळ घ्यायला हवं होतं. पण माझे पाय अजून माझे नव्हते, ते तिथे खाली कुणाचे तरी असल्यासारखे पडले होते. मी हात पुढे केला. तिने तो घेतला नाही. मुलीला माझ्या छातीवर ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.