जात्यावरचा येशूबा

गावाचं नाव सांगत नाही. शिरूर तालुक्यात भीमेच्या काठाला आहे, एवढं पुरे. माणसं वाईट नाहीत हो तिथली. पण सिंधूबाईच्या बाबतीत गावानं पार लाज आणली, आणि ते बोलल्याशिवाय मला राहवत नाही.

सिंधूबाईचा गुन्हा काय? तर ती येशूची झाली.

संपतची ती बायको. दीड एकर झेंडू आणि घरात दोघंच. पोटी लेकरू नाही. लेकरू नसलेल्या बाईला आपल्याकडं काय काय ऐकावं लागतं ते त्या बाईलाच ठाऊक. बारशाचं बोलावणं नाही, आणि डोहाळजेवणाला गेलीच तर कुणीतरी गोड बोलून तिला मागच्या रांगेत बसवणार. दौंडच्या बाजारात ती फुलं विकायची. तिथली एक गिऱ्हाईक, गीताबाई, तिला एका रविवारी आपल्या चर्चमध्ये घेऊन गेली आणि दोन महिन्यांचं नातवंड सरळ तिच्या मांडीवर देऊन म्हणाली, "धरा जरा, मी गाणी म्हणून येते." विचारलं नाही की सवरलं नाही. लेकरू मांडीवर झोपून गेलं आणि सिंधूबाई ढसाढसा रडली. मग ती दर रविवारी जाऊ लागली, ऐकू लागली, आणि एक दिवस बाप्तिस्मा घेऊन आली.

संपतनं अडवलं नाही, पण गडी भित्रा. रविवारी मोटरसायकलवर तिला एसटीपर्यंत सोडायचा, तेही कालव्याच्या कडेनं, चावडी चुकवून.

असल्या गोष्टी झाकून राहतात होय? गावातलं बडं प्रस्थ म्हणजे हौसराव आबा. त्यांचा पुतण्या पृथ्वीराज पेटलाच. "आज ही बाटली, उद्या गाव बाटवंल," म्हणत फिरला आणि चार टाळकी जमवून तिला वाळीत टाकायचं ठरवून टाकलं. पिकअपवाल्यानं सिंधूबाईची फुलं गाडीत घ्यायची बंद केली. गोकुळच्या गिरणीत तिचं दळण घेईनात. एका सकाळी तर वावरातली कळ्यांनी भरलेली झाडं कुणीतरी मुळासकट उपटून बांधावर फेकलेली दिसली. सिंधूबाईनं उरलेली फुलं तोडली, पाटी डोक्यावर घेतली आणि हायवेपर्यंत चालत गेली.

मग हौसराव आबांनी तिला बोलावून घेतलं. आवाजात राग नव्हता, समजावणीच होती. "पोरी, एक नारळ फोड देवळापुढं, बास. मनात कुणाला ठिवायचं त्याला ठिव, आमी काय आत डोकवायला येतोय?"

सिंधूबाईनं पदर सारखा केला. "आबा, मनात नवरा ठिवून गळ्यात दुसऱ्याचं मंगळसूत्र घालती का कोण बाई? तुमच्या देवाला मी वंगाळ बोलत न्हाई. पर माझ्या धन्याला मी लपवायची न्हाई."

आबांनी तिला जाऊ दिलं. गिरणी मात्र तिला बंदच राहिली.

घरी संपत तिच्यावर उखडला. "नारळ फोडायला काय जात हुतं गं तुझं? तुझ्या देवानं भाकरीला महाग केलं आपल्याला!" आणि ताटावरून उठून गेला. गावाचं सगळं तिनं सोसलं होतं, पण हे तिला फार लागलं. आता नवराही हातचा जातो की काय, या भीतीनं तिचा जीव अर्धा झाला.

पण बाई मोठी खमकी. गोठ्यात सासूचं जातं धूळ खात पडलं होतं. तिनं ते ओढून काढलं, धुतलं, पाथरवटाकडून टाकी लावून घेतलं, आणि पहाटे उठून दळायला बसली. जात्याचा खुंटा हातात आला की गळा मोकळा झालाच पाहिजे. आईच्या ओव्यांची चाल तिला येत होती. नाव तिनं आपल्या धन्याचं, येशूचं घातलं. डेअरीला दूध घालायला निघालेल्या बायका तिच्या दारापुढून मुद्दाम हळू चालू लागल्या. वर तोंडानं म्हणायच्या, "बाई गं, काय हा बाटगेपणा!" आणि उद्या पुन्हा तिथंच रेंगाळायच्या.

तशात हौसराव आबांच्या नातीचं, सायलीचं लग्न निघालं. हळद जात्यावर दळायची, हा रिवाज. पण गावात दगडी जाती उरली होती कुठं? भांडगावकडच्या ढाब्यांनी शोभेसाठी कधीच नेली. ओव्या तर कुणालाच येईनात. पृथ्वीराज म्हणाला, "मोबाईलवर लावू की." आबांची बायको विठाबाई ताडकन उठली आणि तडक सिंधूबाईच्या दारात.

"सिंधू, जातं घिऊन ये. सायलीची हळद तू दळायची."

"आत्याबाई, मी बिनलेकराची. त्यात बाटलेली."

"कोण काय म्हंतंय ते मी बगते!"

सिंधूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. आजवर अशा कामाला कुणी हाक मारली नव्हती. तरी ती म्हणाली, "येती. पर माझ्या तोंडी त्याचंच नाव यील. ते गिळून मी गायची न्हाई. चालंल का बगा."

विठाबाई जायला वळली. "तू ये तर," एवढंच म्हणाली.

मांडव माणसांनी भरला होता. सिंधूबाईनं जात्यात हळकुंडं टाकली, खुंटा धरला. कडेला संपत उभा होता, घामाघूम. गप्प बसली तर सगळं सुरळीत होणार होतं. तिनं डोळे मिटले आणि खणखणीत आवाज लावला.

"सोन्यावानी हळद, सायलीच्या गं अंगाला,
येशूबा माझा राजा, उभा तिच्या गं संगाला!"

पृथ्वीराज ओरडला, "ए, बंद करा हिला!" आणि पुढं धावला. सिंधूबाईचा हात थांबला नाही.

तेवढ्यात विठाबाई लुगडं खोचून जात्याच्या पलीकडं बसली. सिंधूबाईच्या हातावर आपला हात ठेवून तिनं खुंटा धरला. "लग्नाचं दळण मदी थांबवत न्हाईत, पृथ्वी. हो मागं." आणि तीच ओळ धरली, "उभा तिच्या गं संगाला!"

पृथ्वीराजनं आबांकडं पाहिलं. आबा हळूच म्हणाले, "गाऊ दे." मग एकेक बाई जात्याभोवती आली. सिंधूबाईनं दळलेली हळद त्या दिवशी सायलीला लागली, आणि पहिलं बोट सायलीनं हट्टानं सिंधूबाईलाच लावायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गोकुळ स्वतः दारात. "काकी, दळण आणा. चुकलं आमचं." सिंधूबाईनं त्याला चहा पाजला.

आणि रविवारी संपतनं मोटरसायकल काढली. कालव्याकडं वळायच्या जागी तो वळलाच नाही.

"अवो, वाट चुकली," सिंधूबाई मागून म्हणाली.

"गप बस."

गाडी थेट चावडीपुढून निघाली. आबा पारावर बसले होते. त्यांनी हाक मारली, "संपत, कुठं रं दोघं?"

संपतनं गाडी थांबवली, मोठा हॉर्न दिला आणि सगळ्या चावडीला ऐकू जाईल असं म्हणाला, "दौंडला, आबा! चर्चात निघालो. आज मीबी आत जाऊन बसणार हाय."