संकष्टीला गेलेली सात पार्सलं

जयवंताबाईंना व्हीपीचा नाद मी लावला. त्यामुळे पुढे जे झालं त्यातला निम्मा घोर माझ्याही वाट्याला आला. तो मी मुकाट्याने सोसला असं मात्र म्हणणार नाही. मी मुळातच काळजीखोर माणूस. आदिलाबादकडच्या बोथच्या पोस्टात काउंटरवर होतो तेव्हा संध्याकाळी कुलूप लावून घरी गेलो, तरी ते नीट लागलं का हे बघायला पुन्हा यायचो. बायको म्हणायची, "तुमी बिछाना पोस्टातच नेऊन टाका."

जयवंताबाई बोथपासून दीड कोसावरच्या गावातल्या. कापूस-जवारीचं घर. नवरा उद्धवराव, स्वभावाने गरीब आणि अंमळ भित्रा. माझी आई त्यांच्या सासऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जायची. त्या घरची सून माझ्या जाळीसमोर उभी राहून "खुशालभाऊ, येवढा पत्ता लिहून द्या" म्हणायची, तेव्हा मला आतून बरं वाटायचं. आता या वयात ते कशाला लपवू?

त्या विकायच्या गोडंबी. बिब्बा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. जंगलातलं काळं, गुळगुळीत फळ. त्याच्या टरफलात असं तेल असतं की अंगाला लागलं तर कातडी फोड येऊन उठते. आम्ही म्हणतो, बिब्बा उतला. पण तेच टरफल फोडून आतला गर तेल न लागू देता काढला, की ती गोडंबी. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात हवीच. आमच्याकडच्या बायका हाताला खोबरेल आणि राख चोळून दगडावर दिवसभर बिब्बे फोडतात. बोथच्या बाजारात व्यापारी ती गोडंबी मातीच्या भावाने उचलायचा आणि वर उपकार केल्यासारखं तोंड करायचा. जयवंताबाईंची नणंद अमरावतीला होती. तिने पत्रात तिकडचा भाव कळवला, तो वाचून बाई दोन दिवस जेवल्या नाहीत म्हणे.

तेव्हा मीच त्यांना म्हटलं, "बाई, व्हीपीनं पाठवा ना." पोस्टमन गिऱ्हाइकाच्या दारात आधी पैसे घेतो, मग पार्सल हातात देतो. याला व्हीपी सोडवणं म्हणतात. सोडवली की काही दिवसांनी ते पैसे मनीऑर्डरीने पाठवणाऱ्याला येतात. नाही सोडवली तर पार्सल जसंच्या तसं परत येतं आणि टपालखर्च आपल्या डोक्यावर बसतो. गिऱ्हाईक कोण, कुठलं, काळं की गोरं, काही माहीत नाही. सगळा भरवसा दोन ओळींच्या जाहिरातीवर. नागपूरच्या एका बायकांच्या साप्ताहिकात ती मीच लिहून पाठवली. तिसऱ्या आठवड्यात सहा कार्डं आली. बाईंनी ती पदराच्या टोकात बांधून घरी नेली.

दोन हिवाळ्यांत बाईंचं चांगलं बस्तान बसलं. फोडायला भागीरथा नावाची पन्नाशीची बाई होती. सारं आयुष्य बिब्यात गेलेलं, बोटं काळी पडलेली, हात मात्र सराफासारखा. वाळवणं, निवडणं, पिशव्या शिवणं जयवंताबाई स्वतः करायच्या. त्यांचा एक नेम होता. पिशवीचं तोंड शिवण्याआधी तळापर्यंत हात घालायचा, एक गोडंबी काढायची आणि स्वतःच्या जिभेवर ठेवायची. मग थोडं थांबायचं. जीभ चुरचुरली नाही तरच सुईत दोरा ओवायचा. "लोकाच्या लेकी खातेत भाऊ," त्या म्हणायच्या. "आपल्या जिभेवरून गेलं म्हंजे मले झोप लागते."

एकोणनव्वद सालच्या थंडीतला तो शनिवार होता. दुपारी अडीचला बाई सात पार्सलं घेऊन धापा टाकत आल्या. बॅग तीनला बंद व्हायची. माझा स्वभाव तुम्हाला सांगितलाच आहे. बॅगेला पाच मिनिटं उशीर झाला तर जणू सरकार पडणार, अशा थाटात मी ओरडलो, "आटपा, बाई, आटपा. उद्या आयतवार हाये." पार्सलांवर लाखेचे शिक्के मारले, पावत्या फाडल्या, बॅग बांधून बसवर चढवली. बाई म्हणाल्या, "आज चतुर्थी हाये, चंद्र निंगाल्याबिगर पानीबी नाई. डोस्कं गरगरून राह्यलं." मी बुद्धाच्या घरचा, मला कुठली चतुर्थी न् कुठलं काय. मी म्हटलं, "मंग घरी जाऊन पडा."

त्यांनी त्या दिवशी काहीच चाखलं नव्हतं, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मी दाढी करत होतो, तर दारात जयवंताबाई आणि मागे उद्धवराव. बाईंनी पदर तोंडावर धरलेला. त्यांनी तो बाजूला केला आणि माझ्या हातून वस्तरा खाली पडला. खालचा ओठ सुजून लोंबत होता, जिभेवर फोड आले होते. रात्री डोकं धरून त्या तशाच झोपल्या होत्या; सकाळी उपासाचं पारणं म्हणून त्याच राशीतली उरलेली मूठभर गोडंबी त्यांनी तोंडात टाकली होती. बिब्बा उतला होता. त्याच राशीतून सात पिशव्या भरून गेल्या होत्या.

"भागीरथाले दिसत नाई," त्या बोबड्या बोलल्या. "डोयात मोतीबिंदू झाला. काम जाईन म्हनून बोलली नाई. टरफलाचे तुकडे तसेच राह्यले."

उद्धवराव चाचरत म्हणाले, "तुपात तळल्यावर काई होत नसंन. सातांत एखाद्यालेच लागंन."

बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते उंबऱ्यावर बसूनच राहिले. मग त्यांनी पदराच्या गाठीतून एक कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. अकोल्याच्या चंद्रभागा नावाच्या बाईंचं होतं. ते कार्ड मीच त्यांना वाचून दाखवलं होतं, त्यामुळे मला पाठ होतं. मुलीचं पहिलं बाळ गेलं, आता दुसऱ्यांदा दिवस भरलेत, अंगात ताकद नाही, गोडंबी लवकर पाठवा. काल मी "आटपा, आटपा" करून ज्या सात पार्सलांवर शिक्के मारले होते, त्यांत या बाईंचंही होतं.

पोस्ट बंद होतं. पोस्टमास्तर साहेब आदिलाबादला घरी गेलेले. तारघर रविवारी उघडं असणार ते आदिलाबादलाच. बस मिळायला तास गेला. बाई खिडकीशी बसल्या होत्या, ओठाला खोबरेल लावलेलं आणि दोन्ही हात मांडीवर घट्ट. मी मनातल्या मनात बॅगेचा माग काढत होतो. आपली बॅग काल संध्याकाळी आदिलाबादला पोचली असेल. रात्री तिथेच पडली असेल. आज सकाळची मुदखेडची गाडी चुकली असेल तर बॅग अजून स्टेशनात असेल. चुकली असू दे, असं मी कुणाला म्हणत होतो कोण जाणे, पण वाटभर म्हणत होतो.

गाडी चुकली नव्हती. बॅग सकाळीच गेली होती.

राहिली तार. पार्सलाला चार-पाच दिवस लागतील, तार उद्या-परवा पोचेल. तारघराच्या बाकावर मी सात फॉर्म घेतले आणि शहाणपणा करायला गेलो. "येवढंच लिहू, पार्सल घेऊ नका. कारन काऊन सांगता? धंदा बुडंन."

"कारन नाई सांगतलं तं कोन आयकंन?" बाई म्हणाल्या. "उलटं नवल वाटून सोडवतीन. बिब्याचं तेल लागलं हाये, खाऊ नका, असं लिवा. खाली माहं नाव घाला."

"नावबी?"

"नाव काऊन नाई? मालावर नाव माहंच हाये ना?"

मी इंग्रजीत तसं लिहिलं. सहा झाले. सातव्याला त्यांनी माझा हात धरला. तो फॉर्म अकोल्याचा होता. त्या काळी तार म्हटलं की घरात आधी रडणं सुरू व्हायचं, मग ती कुणाकडून तरी वाचून घ्यायची. बाईंचे डोळे भरून आले होते. "त्या घरात आतापावतर बाळंतीन असंन भाऊ. तार पाहून तिनं धसका घेतला, दूध आटलं, तं? तेबी माह्याच माथी."

मग मी मजकुराच्या सुरुवातीला 'सर्व कुशल' हे दोन शब्द घातले. तारेच्या खिडकीतला माणूस वाचून हसला. कुशल असेल तर तार कशाला, म्हणाला. मला इतका राग आला की जाळीतून हात घालून त्याची गचांडी धरावी. मी नुसतं "तुमी तसंच पाठवा" म्हटलं.

मग वाट पाहण्याचे दिवस आले. बाई एक दिवसाआड पोस्टात यायच्या. ओठाची खपली पडली, नवी कातडी आली, तरी बाई खंगत चालल्या होत्या. भागीरथाला त्यांनी काढलं नाही. बिब्बे वाळवायचं काम दिलं आणि उमरीच्या डोळ्यांच्या शिबिरात तिचं नाव घातलं. ती बिचारी रोज रडायची, "माह्या डोयानं लेकरू मारलं." जयवंताबाई तिच्यावर खेकसायच्या, "कोनी मेलं नाई, गप." पण तो आवाज पोकळ असायचा.

नवव्या दिवशी पहिलं पार्सल परत आलं. मग दोन. मग एक. प्रत्येकावर 'घेण्यास नकार' असा शेरा. बाई लाखेचा शिक्का शाबूत आहे का ते बोट फिरवून पाहायच्या आणि पार्सल छातीशी धरायच्या. धंद्याचं दिवाळं निघत होतं आणि ते पाहून आम्हा दोघांना आनंद होत होता. पंधराव्या दिवसापर्यंत सहा आली. अकोल्याचं आलं नाही.

सतराव्या दिवशी अकोल्याहून आली ती मनीऑर्डर.

इतके दिवस मनीऑर्डर आली की मी जाळीतूनच हाक मारायचो. त्या दिवशी फॉर्म हातात धरून नुसता बसलो. पैसे आले याचा अर्थ पार्सल सोडवलं. तार पोचली नसेल, किंवा घाबरून कुणी वाचलीच नसेल. बाई आल्या तेव्हा मी फॉर्म पुढे सरकवला. त्यांनी तो पाहिला आणि हात मागे घेतला, विस्तवाला लागल्यासारखा.

"मी सही नाई करत."

"बाई, पैसे तुमचे हायेत."

"लेकीचं काय झालं ते कळल्याबिगर मी ह्या पैशाले शिवत नाई."

मनीऑर्डर सात दिवस ठेवता येते, पुढे परत पाठवावी लागते. साहेब म्हणाले, "नियम आहे, खुशाल." नियम मला ते काय शिकवतात! मी अकोल्याला उत्तराचं कोरं कार्ड जोडलेलं जबाबी कार्ड टाकलं आणि रोज टपाल फोडताना आधी अकोल्याचा शिक्का शोधू लागलो. दोन रात्री मला झोप नाही. बायकोने विचारलं तर तिच्यावरच ओरडलो. खरं सांगायचं तर मला त्या मुलीचा चेहरा दिसायचा, जिला मी कधी पाहिलं नव्हतं.

सहाव्या दिवशी कार्ड आलं. जयवंताबाई समोरच उभ्या होत्या. मी वाचलं:

"तार मिळाली. आमचे जावई शाळामास्तर आहेत, त्यांनी वाचून सांगितली. पार्सल सोडवून न उघडता परसात पुरलं. परत केलं असतं तर टपालखर्च तुमच्या अंगावर पडला असता. तुम्ही तार केलीत, तुम्हाला भुर्दंड का? मुलगी बरी आहे. नातू झाला. लाडू थांबले आहेत, चांगली गोडंबी असेल तर पाठवा."

"काय म्हनलं?" बाई म्हणाल्या. "लेकीचं पुन्ना वाचा."

मी पुन्हा वाचलं. त्या जाळीला कपाळ टेकून उभ्या राहिल्या. मागच्या रांगेतला एक जण कुरकुरला, त्याला मी काय बोललो ते इथे लिहिण्याजोगं नाही.

आठवड्याने, सोमवारी, दुपारी अडीचला बाई अकोल्याचं एकच पार्सल घेऊन आल्या. पिशवीचं तोंड अजून शिवलेलं नव्हतं. सुई-दोरा पदरात टोचलेला. काउंटरवर पिशवी ठेवून त्यांनी तळापर्यंत हात घातला आणि एक गोडंबी काढली. तेवढ्यात माझं लक्ष भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेलं. गेल्या महिन्यापासून त्यातला तो छोटा चंद्र मीही बघायला लागलो होतो.

"बाई, आज चतुर्थी हाये. तुमचा उपास."

"होय," त्या म्हणाल्या. "देवाले सांगून आली." आणि गोडंबी तोंडात टाकली.

मी हात पुढे केला. "एक मले द्या."

त्यांनी पुन्हा तळातून काढून माझ्या तळहातावर ठेवली. चावायचा धीर व्हायला मला जरा वेळ लागला. आम्ही दोघं जाळीच्या अलीकडे-पलीकडे जिभेकडे लक्ष देऊन उभे होतो. बॅग बांधणारा शिपाई म्हणाला, तीन वाजायला आले.

"थांबू दे बॅग," मी म्हटलं.