बाप असताना उतरवलेली मिशी

काचबिंदूसाठी डोळ्यांत थेंब घालू लागलो आणि काही महिन्यांत पापण्यांचे केस लांब, काळेभोर झाले. नात हसायची. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "औषध प्रोस्टाग्लॅन्डिनच्या जातीचं आहे. तशी द्रव्यं आपल्या अंगातही एन्झाइममुळे तयार होतच असतात. त्यातली काही केसांच्या मुळांना वाढवतात, काही रोखतात." मग मी धीर करून चाईबद्दल, केस गळून गोल चकती पडते त्याबद्दल, विचारलं. "ते निराळं. आपल्या रक्षणाच्या पेशीच मुळांवर उठतात. त्यात माणसाचा दोष नसतो."

तरुणपणी हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी वरवट बकालला मास्तर होतो. एका सकाळी डाव्या मिशीत नव्या पैशाएवढी जागा गुळगुळीत दिसली. चाईचा किडा घाणेरड्या माणसाचे केस खातो, असं लोक म्हणत. मी कांदा चोळला; कातडी भाजली, जागा वाढली. तोंडावर हात ठेवून शिकवू लागलो. शेवटी वस्तरा घेतला आणि मिशीच उतरवली.

आमच्याकडे बाप गेल्यावर मिशी उतरवतात. लाजेपुढे तेही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी पाठीवर हात ठेवला. "कधी गेले?"

"वडील ठणठणीत आहेत," मी म्हणालो.

हात निघाला. "मग?"

चाई हा शब्द तोंडातून फुटेना. बाप जिवंत असताना मास्तरनं मिशी काढली, हे गावभर झालं. घरमालकीण मला पाहून दार लोटून घेऊ लागली.

बाजाराच्या दिवशी चिखलीहून वडील आले. एसटीच्या पायरीवरच थबकले.

"काऊन काढली बे? मी मेलो काय?"

मी मान खाली घातली. बाजारातून ते पुढे, मी मागे. चहाच्या दुकानात दर बाजाराला येणाऱ्या बाहेरगावच्या एका व्यापाऱ्यानं हळहळून वडिलांनाच विचारलं, "मास्तरच्या गावचे काय तुम्ही? काय झालतं त्याच्या बापाले?"

"बाप मीच हाओ," वडील म्हणाले.

सगळे खो खो हसले. वडिलांचे कान लाल झाले. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. खुंटं आली होती, मधली जागा तेवढी कोरी होती. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला.

"पोराले चाई झाली हो!" ते दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाले. "बापाचा अपमान नाही केला त्यानं."

इतके दिवस लपवलेलं त्यांनी भर बाजारात मांडलं. लोकांनी मला नालायक पोरगाच समजलं असतं तर बरं, असं वाटलं.

खोलीवर येताना ते म्हणाले, "मले सांगतलं असतं तं?"

"लाज वाटली."

"माही?"

"माझीच, बाबा."

 त्या रात्री भाकरी त्यांनीच थापल्या.

पुढे केस आले, ते आधी पांढरे. शाळेत पोरं 'अर्धा म्हातारा' म्हणत, आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करी. दिवाळीत घरी गेलो तेव्हा ते काळे होऊ लागले होते. आई निरखून बघत म्हणाली, "मिशी इतकी बारीक काऊन ठेवली रे?"

वडिलांनी तिला एक अक्षर सांगितलं नव्हतं. बाजेवरून ते म्हणाले, "तशीच चलती हाय आता."