बिनफवारणीची ओळ

माझ्या वहिनीचे दोन गाल दोन वेगळ्या वयांचे होते. डावा पस्तिशीचा वाटायचा, उजवा पंचेचाळिशीचा. खरं वय उजव्या गालाचं. चेहऱ्याला लावायचं तेल ती घरी करायची. नवं काही केलं की आधी स्वतःच्या कानामागे आठ दिवस, मग डाव्या गालाला दोन महिने. उजव्या गालाला काहीच नाही. “दोन्हीकडं लावलं तर फरक कुठं बघू?” असं ती विचारायची. निमोण्यातल्या बायका तिला रस्त्यात अडवून म्हणायच्या, “सुनंदा, आज कुठल्या गालानं हसतीस गं?” ती डावा गाल पुढे करायची. “ह्यो पाव्हण्यांसाठी. दुसरा घरच्यांसाठी.”

मी पुण्यातल्या एका दैनिकात वीस वर्षं उपसंपादक आहे. आलेली माहिती दोन ठिकाणांहून तपासून घ्यावी, असं मी नव्या मुलांना शिकवते. वहिनीने गालावर केली तितकी कडक तपासणी मी एकाही बातमीची केलेली नाही. मला तिचा हेवा वाटायचा. ही गोष्ट पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे, म्हणून सुरुवातीलाच नोंदवून ठेवते.

तिचं माहेर दौंडकडचं, भांडगावचं. दादाशी लग्न होऊन ती शिरूर तालुक्यातल्या निमोण्याला आली तेव्हा बरोबर घाण्यावरच्या करडईच्या तेलाची एक किटली होती. वडील गेल्यावर आईच्या चेहऱ्याची रया गेली होती. थंडीत गाल तडकायचे, कपाळावर काळपट डाग पडले होते. वहिनीने त्या किटलीतलं तेल वाटीत घेतलं आणि त्यात काय काय घालून बघायला सुरुवात केली. पुढे हातात मोबाइल आला. वय लपवण्याची तेलं शिकवणारे व्हिडिओ ती भाजी निवडताना लावायची आणि त्यातल्या बाईशी भांडायची. परदेशी तेलाचं नाव आलं की म्हणायची, “हिच्या गावात करडई पिकत न्हाई वाटतं.” सुरकुत्या आठ दिवसांत जातील असं ती बाई म्हणाली, तेव्हा वहिनीने मोबाइल पालथा घातला. “वय काय थांबत न्हाई बाई. त्याला नुसतं म्हणायचं, बस जरा, च्या घे.”

तिची कृती साधी होती. गुलाबाच्या पाकळ्या सावलीत वाळवायच्या, इतक्या की मुठीत घेतल्यावर कागदासारख्या वाजल्या पाहिजेत. किसलेलं गाजरही तसंच कोरडं. थोडी आंबेहळद, ज्येष्ठमधाच्या काड्या. हे सगळं तेलात बुडवून काचेची बरणी पत्र्यावर उन्हात ठेवायची, रोज हलवायची आणि एकवीस दिवसांनी मलमलीतून गाळायची. पाण्याचा एक थेंब गेला तर सगळं फेकून द्यायची. बाटल्या खोकल्याच्या औषधाच्या, उकळून वाळवलेल्या. त्यावर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी आणि पेनाने लिहिलेला महिना. वर्षाला अकरा बाटल्या व्हायच्या. दहा बचत गटातल्या बायकांना, एक आईला. स्वतःसाठी ती फडकं पिळून उरेल ते घ्यायची. “बारावी काढू का वन्सं, तुमच्यासाठी?” असं दर वर्षी विचारायची. मी नको म्हणायचे. अकराच का, हे मात्र मी तिला कधी विचारलं नाही.

संध्याकाळी सातच्या सुमारास आई ओट्यावर बसायची आणि वहिनी तिच्यासमोर पाटावर. दोन बोटांवर तेल घेऊन हनुवटीपासून वर, गालावरून कानाकडे, मग कपाळ. दहा मिनिटं. आई डोळे मिटून चेहरा पुढे करायची. माझ्या लहानपणी आई पदराने तोंड पुसायची आणि कामाला लागायची. तो चेहरा आपण कधी हाताने धरल्याचं मला आठवत नाही. पाहुणे आले की ती त्यांना म्हणायची, “हात लावून बघा गालाला. सुनंदानं केलाय.” जणू गालच सुनेने घडवला होता.

मी पुण्याहून चेहऱ्याला लावायच्या सीरमच्या तीन बाटल्या नेऊन दिल्या होत्या. शोकेसमध्ये, मला शाळेत निबंधासाठी मिळालेल्या ढालीशेजारी त्या सील न तोडता उभ्या होत्या. वहिनीच एकदा म्हणाली, “लावा की आत्याबाई त्यातलं. वन्सं खुश हुतील.” आई म्हणाली, “तिला कुठं येळ हाय खुश व्हायला?” दोघी हसल्या. मीही हसले.

कारेगावात चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. फोटोग्राफर वहिनीच्या डाव्या बाजूला उभा होता. माझ्याकडे बोट करून म्हणाला, “मोठ्या वहिनी, तुम्ही मधे या. धाकट्या, तुम्ही कडेला.” मी वहिनीपेक्षा पाच वर्षांनी लहान आहे. वहिनीने त्याला लगेच उजवा गाल दाखवला. “दादा, हिकडून बघा, मंग सांगा कोण थोरली.” सगळे हसले आणि विषय मिटला. तिने माझी बाजू घेतली होती. मला तेही आवडलं नाही.

त्याच वर्षी, दसऱ्याला, मी तिच्याकडून कृती लिहून घेतली. “घ्या की लिहून, लपवायचं काय त्यात?” ती म्हणाली. ती मुठीने आणि चिमटीने सांगत गेली, मी ग्रॅममध्ये उतरवत गेले. मला तिच्याहून चांगलं तेल करायचं होतं. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला ते आईला लावायचं, आणि आईने पाहुण्यांना “लेकीनं केलाय” म्हणायचं, एवढीच माझी अपेक्षा होती. निघताना दादाच्या मोठ्या वावरातून टपोरे, गडद गुलाब तोडून नेले. मी त्या घरात वाढले तेव्हा त्या वावरात ज्वारी असायची. फुलं नंतर आली, ठिबकबरोबर. घरामागे जुन्या साड्या बांधून आडोसा केलेला एक पट्टा होता. तिथेही गुलाब होते, पण बारके, फिकट आणि पानं किडीने खाल्लेली. मी ते घेतले नाहीत.

फ्लॅटवर पाकळ्या वाळवल्या. उन्हाचे एकवीस दिवस हाताशी नव्हते, म्हणून थर्मामीटर लावून पातेल्यातल्या गरम पाण्यावर तेल मुरवलं. सुंदर रंग आला. कानामागे लावून बघायला आठ दिवस हवे होते. दिवाळी तीन दिवसांवर आली होती.

पहाटे मीच आईला तेल लावलं; ते माझं आहे हे तिला नंतर सांगणार होते. वहिनी चुलीवर पाणी तापवत होती. नऊ वाजेपर्यंत आईचे गाल लाल झाले, दुपारी डोळे सुजून मिटले. तिला शिरूरला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, “काय लावलं होतं?” मी तोंड उघडलं. माझ्याआधी वहिनी बोलली. “माझ्या हातचं तेल हाय डॉक्टर. नवं केलं हुतं.”

मी तोंड मिटलं.

घरी आल्यावर दादा अंगणात तिला सगळ्यांसमोर बोलला. “तुझं ते प्रयोग आजपासून बंद! म्हातारीचं डोळं गेलं असतं म्हंजी?” ती फराळाची ताटं भरत राहिली. नंतर स्वयंपाकघरात आम्ही दोघीच असताना तिने हळूच विचारलं, “फुलं मोठ्या वावरातली नेली व्हय?”

“हो.”

“तुम्ही तोडायच्या आदल्या दिशी फवारा मारला हुता तिथं. तेलात समदं उतरतं. मी साड्यांच्या आडची ओळ वापरती, तिला औषध दावत न्हाई. ती एकच ओळ हाय, म्हणून तर अकराच बाटल्या. माझंच चुकलं वन्सं. ओळ सांगायला पायजे हुती.”

“मी आत्ता जाऊन सगळ्यांना सांगते,” मी म्हणाले.

“कशाला? तुम्ही वर्षातनं चारदा येता. चारदा येणाऱ्या माणसानं तोंड पाडून जाऊ ने. मी काय, हितंच हाय. उद्या पुन्यांदा लावीन.”

मला पटलं, कारण ते सोयीचं होतं. भाऊबीज करून मी पुण्याला आले.

त्याची किंमत तिने भरली. बचत गटातल्या सहा जणींनी बाटल्या परत आणून दिल्या. शेजारच्या शेवंताकाकूंनी त्यांचं तेल देव्हाऱ्यातल्या दिव्यात घातलं आणि तसं चारचौघांत सांगितलंही. वहिनी म्हणाली, “बरं झालं. देवाच्या मोहरं उजेड तरी पडला.” दिवाळीनंतर तीन महिने दादाने आईला तेल लावू दिलं नाही. मग एका संध्याकाळी आईच पाट घेऊन ओट्यावर बसली. बायका मात्र परतल्या नाहीत. पुढच्या दोन वर्षी अकरा बाटल्या झाल्या आणि तीनच घराबाहेर गेल्या. हे सगळं दादा फोनवर सांगायचा. मी ऐकून घ्यायचे.

गेल्या भाद्रपदात वहिनी गेली. आधी डेंग्यूचा ताप, मग प्लेटलेट्स उतरत गेल्या, मग पुण्यातलं मोठं हॉस्पिटल. मी रोज तिथे होते. आजारात तिचे दोन्ही गाल सारख्याच वयाचे दिसायला लागले होते. शुद्धीत असताना शेवटचं सलग बोलणं तिने ओळीबद्दल केलं. “शेजारचा पंप चालू झाला की वारा कुठनं हाय ते बघा. आपल्याकडं असला तर साड्या दुहेरी करा.” मी ते वहीत लिहून घेतलं. त्या वेळी मला दुसरं एक वाक्य तिला सांगता आलं असतं. मी वारा लिहून घेत होते.

आता मी दर मंगळवारी, सुट्टीच्या दिवशी, निमोण्याला जाते. पौषात ओळीला फुलं आली. शेजारी फवारणी असली की दादा फोन करतो आणि त्या दिवशी साड्या दुहेरी होतात. मी पाकळ्या वाळवल्या, बरणी एकवीस दिवस पत्र्यावर ठेवली. आठ दिवस माझ्या कानामागे, दोन महिने माझ्या डाव्या गालाला. ऑफिसात कुणाला फरक दिसला नाही. मला दिसला.

वहिनीच्या हातची एकच बाटली उरली होती. चिकटपट्टीवर तिच्या अक्षरात ‘आत्याबाई’ आणि खाली महिना. मी तिच्याच रीतीने गेले. आईच्या डाव्या गालाला वहिनीचं तेल, उजव्याला माझं. आईला सांगितलं नाही. रंग एक होता, वास एक होता.

पाचव्या मंगळवारी, आईचे डोळे मिटलेले असताना, मी म्हणाले, “आई, त्या दिवाळीला तुझा चेहरा सुजला, ते तेल माझं होतं. वहिनीचं नव्हतं.”

“ठाऊक हाय.”

“वहिनीने सांगितलं?”

“ती कशाला सांगंल? कानामागं लावल्याबिगार सुनंदा मला बोट लावू द्यायची न्हाई. त्या दिवाळीला तिचा कान कोरडा हुता. मी रोज बघायची. मंग मीच इचारलं. म्हणली, वन्सं चार दिसांसाठी येत्यात, ऱ्हाऊ द्या. म्हणून मी बी ऱ्हाऊ दिलं.”

म्हणजे दोघींना माहीत होतं. तीन वर्षं रोज संध्याकाळी, दहा-दहा मिनिटं, त्या दोघी ते एकमेकींजवळ सांभाळून बसल्या होत्या. दोघींचं एक गुपित होतं. ते माझ्याबद्दल होतं आणि त्यात मला जागा नव्हती. वहिनीला जाऊन आठ महिने झाले होते. तरीही मला तिचा हेवा वाटला, पूर्वीइतकाच.

“बायकांनी बाटल्या परत आणल्या, तेव्हा तरी बोलायचंस,” मी म्हणाले.

“तू बोललीस?”

मी बोटांवर पुन्हा तेल घेतलं आणि उजव्या गालाला लागले. आई मग म्हणाली, “आन् हे उजवीकडचं तुझं हाय.”

“कशावरून?”

“उजवीकडं तू लई येळ घासतीस.”

मी घड्याळ पाहिलं नव्हतं, पण ते खरं असणार. मी वहिनीची बाटली उपडी केली, होतं नव्हतं ते तळहातावर घेतलं आणि डावा गाल पुन्हा सुरू केला. हनुवटीपासून वर, कानाकडे, सावकाश. दहा मिनिटं झाली तरी हात काढला नाही. आई बसल्या जागी झोपली.

दुसऱ्या दिवशी बचत गटाची बैठक होती. मी सुट्टी वाढवली आणि तिथे गेले. तेल कुणी केलं, फुलं कुठली होती, आळ कुणी घेतला आणि मी किती वर्षं गप्प होते, हे चार वाक्यांत सांगितलं. चुकीची दुरुस्ती लवकर आणि ठळक द्यावी, असा आमच्याकडे नियम आहे. ही तीन वर्षं उशिरा होती आणि ऐकायला दहा बायका होत्या.

शेवंताकाकूंनी पदराने डोळे टिपले आणि विचारलं, “तिच्या हातचं हाय का गं थोडं?”

“नाही,” मी म्हणाले. “ओळ आहे.”